इंजिनाच्या ताकदीआधी मागच्या अ‍ॅक्सलचा विचार व्हावा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या, इंजिनाच्या जुन्या जपानी गाड्यांवर अलीकडे आलेला लेख मी येथे मिशिगनमध्ये दोनदा वाचला. या विषयावर मराठीत इतक्या आपुलकीने कोणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नव्हते, त्याबद्दल लेखकाचे आणि आपले मनापासून आभार. मात्र लेखाच्या उत्तरार्धात माझदा आरएक्स-७ च्या पहिल्या पिढीच्या गाडीची ताकद वाढवण्याविषयी जे लिहिले आहे, त्यातली दोन विधाने तशीच राहू द्यावीत असे मला वाटत नाही. या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल जुन्या पद्धतीचा आहे, तेव्हा त्यात वेळ न घालवता आधी टर्बो इंजिन बसवावे आणि अ‍ॅक्सल तुटला तर मग त्याचे पाहावे, असे एक विधान आहे. दुसरे असे की, कमी खर्चाचा उपाय म्हणून डिफरन्शियल, म्हणजे वळणात मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी जोडणी, आतून वेल्ड करून घ्यावे.

पत्र लिहिण्याचे तातडीचे कारण म्हणजे हा लेख वाचून मला आलेला एक फोन. सांगलीकडचा एक तरुण अभियंता दोन वर्षांपूर्वी येथे नोकरीला आला, त्याने हौसेने १९८२ ची आरएक्स-७ घेतली, आणि डिफरन्शियल वेल्ड करून देणारे एखादे दुकान माहीत आहे का, असे तो मला विचारत होता. त्याच्यासारखी आपल्याकडची कितीतरी मुले आज अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये आहेत, जेथे या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात आणि हातात चार पैसे आले की विकतही घेता येतात. माझी स्वतःची नोकरीची तीस वर्षे क्राऊन-पिनियनचे, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या अ‍ॅक्सलकडे वळवणाऱ्या मोठ्या आणि छोट्या दंतचक्राच्या जोडीचे, दाते कापण्यात आणि तपासण्यात गेली, आणि १९८० ची एक आरएक्स-७ गेली अठरा वर्षे माझ्या घरी आहे. म्हणून जे हाताखालून गेले आहे तेवढेच येथे लिहितो.

ही गाडी १९७८ मध्ये आली आणि १९८५ पर्यंत बनत राहिली. त्या काळात ४ लाख ७० हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुतांश अमेरिकेत विकल्या गेल्या. फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून जर्मनीच्या एनएसयू कंपनीत जन्मलेले रोटरी इंजिन हिरोशिमाच्या माझदाने १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टपासून नेटाने चालवले, आणि आरएक्स-७ मध्ये त्याला पहिल्यांदा साजेसे घर मिळाले, असे माझे मत आहे. तिच्यातले १२ए इंजिन दोन रोटरांचे, प्रत्येकी ५७३ घन सेंटिमीटरचे, म्हणजे एकूण ११४६ घन सेंटिमीटरचे. अमेरिकेत विकलेल्या गाडीत ते मिनिटाला ६००० फेऱ्यांना १०० अश्वशक्ती देत असे आणि ४००० फेऱ्यांना सुमारे १४२ न्यूटन-मीटर पिळ (टॉर्क). या आकड्यांतच सगळी गोम आहे. रोटरी इंजिनाचा जोर फेऱ्यांत असतो, पिळात नसतो. ते वर वर पळत राहते तेव्हाच खुलते. म्हणून बनवणाऱ्यांनी मागे ३.९०९ चा आखूड गुणोत्तराचा क्राऊन-पिनियन दिला, जेणेकरून इंजिनाला नेहमी फेऱ्यांच्या वरच्या टप्प्यात राहता यावे.

लेखात ज्याला जुनाट म्हटले आहे तो सरळ अ‍ॅक्सल, म्हणजे मागची दोन्ही चाके एकाच ताठ नळीने जोडणारा, आपल्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. प्रीमिअर पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर या दोन्ही गाड्यांच्या मागे तोच होता, फक्त तेथे तो कमानपाट्यांवर बसवलेला असे. आरएक्स-७ मध्ये कमानपाटे नाहीत. कॉइल स्प्रिंगांवर बसलेल्या या अ‍ॅक्सलला चार दांडे मागे-पुढे हलू देत नाहीत, आणि डावी-उजवीकडची हालचाल वॅट लिंकेज नावाची जोडणी रोखते. ही जोडणी जेम्स वॅट यांनी १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी काढली. दोन आडवे दांडे आणि त्यांच्या मध्ये फिरणारी एक छोटी तरफ, इतक्या साध्या रचनेतून अ‍ॅक्सल खड्ड्यात जाताना आणि वर येताना जवळजवळ सरळ रेषेत चालतो, बाजूला सरकत नाही. १९७९ च्या डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत याच पिढीची गाडी आपल्या वर्गात पहिली आली, आणि १९८१ मध्ये बेल्जियममधल्या स्पाच्या २४ तासांच्या शर्यतीत टॉम वॉकिन्शॉ आणि पिएर द्योदोने यांनी तिला सर्वांत पुढे आणले. शर्यतीच्या गाड्यांत नियमांनुसार बदल केलेले असतात हे मान्य, तरी पाया जुनाट असता तर त्यावर हे उभे राहिले नसते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अ‍ॅक्सलवर किती ताण येतो हे इंजिनाची अश्वशक्ती ठरवत नाही. ते टायरची पकड ठरवते, आणि क्लच किती झटक्याने सोडला यावर बाकीचे अवलंबून असते. एक साधा हिशेब मांडतो. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.६७४ आणि मागचे ३.९०९, यांचा गुणाकार सुमारे १४.४ होतो. म्हणजे इंजिनाचा १४२ न्यूटन-मीटरचा पिळ मागच्या अ‍ॅक्सलपाशी येईपर्यंत दोन हजारांच्या थोडा वर जातो. दुसरीकडे गाडी आणि चालक मिळून साधारण ११५० किलो धरा. त्याचा निम्मा भार मागच्या चाकांवर आणि निघताना मागे कलणारे थोडे वजन, असे धरून कोरड्या रस्त्यावर मूळ टायर जेमतेम दोन हजार न्यूटन-मीटर झेलू शकतात, त्यापुढे ते घसरतात. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आले, हे पाहण्यासारखे आहे. बनवणाऱ्यांनी जोडी जुळवली होती, आणि टायर हा त्या साखळीतला फ्यूज होता.

त्याच जागी १९८७ च्या आरएक्स-७ टर्बोचे १३बी हे माझदाचेच मोठे रोटरी इंजिन बसवले, तर त्याचा सुमारे २४८ न्यूटन-मीटरचा पिळ त्याच गिअरांतून साडेतीन हजारांवर जातो. टायर तेच ठेवले तर वरचा सगळा जोर धूर होऊन जाईल आणि अ‍ॅक्सल वाचेल. पण तसे कोणी ठेवत नाही. टर्बो बसवणारा माणूस आधी रुंद, मऊ, चिकट टायर घेतो, मग धातूच्या कडक घासपट्ट्यांचा क्लच घेतो, आणि पहिल्याच आठवड्यात सहा हजार फेऱ्यांवर क्लच सोडून पाहतो. फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तीन हजारांऐवजी सहा हजारांवर क्लच सोडला तर झटका दुप्पट बसत नाही, चौपट बसतो. फ्यूज काढून टाकला आणि झटका चौपट केला, तर तो पिनियनच्या दातांवरच बसणार. अ‍ॅक्सल तुटला तर मग पाहू, हे वाक्य लिहायला सोपे आहे; पण अ‍ॅक्सल घराच्या अंगणात तुटत नाही, तो महामार्गाच्या चढणीवर, मागून ट्रक येत असताना तुटतो.

डिफरन्शियल वेल्ड करण्याबद्दल मी जास्त स्पष्ट लिहितो, कारण तो सल्ला घातक आहे. चौकात काटकोनात वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर चालते. या गाडीच्या मागच्या दोन चाकांमधले अंतर साधारण १.४ मीटर आहे, म्हणजे एका वळणात बाहेरच्या चाकाला सुमारे २.२ मीटर जास्त चालावे लागते. मूळ टायरचा परीघ १.८५ मीटर आहे. प्रत्येक चौकात बाहेरचे चाक एका पूर्ण फेरीहून अधिक पुढे जायला हवे, आणि डिफरन्शियलच्या आतली चार छोटी दंतचक्रे नेमके तेच करू देण्यासाठी असतात. ती वेल्डिंगने एकजीव केली की तो फरक कोठे तरी फिटावा लागतो. मग एक तर टायर खरवडून निघतो, नाहीतर अ‍ॅक्सलचा शाफ्ट पिळला जातो आणि पुढच्या क्षणी झटक्याने सुटतो. दिवसाला तीस-चाळीस वळणे धरली तर वर्षभरात त्या शाफ्टची काय अवस्था होईल, हे कोणीही धातूचा जाणकार सांगेल. त्यात वेल्डिंगच्या उष्णतेने दातांचे मूळ पाणी उतरते. पावसात किंवा आमच्याकडच्या बर्फात तर दोन्ही चाके एकाच वेळी पकड सोडतात आणि गाडीची मागची बाजू क्षणात पुढे येऊ पाहते. बंद मैदानावर कसरतीसाठी ठेवलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. रोज कामावर न्यायच्या आणि मुलांना घेऊन जायच्या गाडीत हा उपाय कोणी करू नये.

मग करावे काय? माझे मत असे की सर्वसाधारण मालकाला लागणारा उपाय माझदानेच १९८४ मध्ये तयार करून ठेवला आहे. १९८४ आणि १९८५ या दोन वर्षांत अमेरिकेत जीएसएल-एसई नावाची आरएक्स-७ विकली गेली. तिच्यात इंधन फवारणारे १३बी इंजिन होते, १३५ अश्वशक्तीचे, आणि त्या इंजिनासाठी मागचा अ‍ॅक्सलही बदललेला होता. त्यात मोठे डिस्क ब्रेक आहेत, क्लच-पट्ट्यांचे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर देत राहणारे) आहे, आणि चाकांचे चार बोल्ट ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत. माझ्या १९८० च्या गाडीत हेच वर्तुळ ११० मिलिमीटरचे होते, मागे ड्रम ब्रेक होते, आणि त्या मापाच्या चांगल्या रिमा आज शोधूनही मिळत नाहीत. एसईचा अ‍ॅक्सल जुन्या गाडीच्या मूळ कानांवरच बसतो. काही कापावे लागत नाही, काही वेल्ड करावे लागत नाही. हँडब्रेकच्या केबली पाहाव्या लागतात, प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याची) फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, आणि तिच्या बोल्टांची भोके आधी मोजून घ्यावी लागतात, आणि पुढच्या चाकांना त्याच वर्तुळाचे हब व ब्रेक द्यावे लागतात, नाहीतर पुढे एक आणि मागे एक अशा दोन मापांच्या रिमा होऊन डिकीतले जादा चाक निरुपयोगी ठरते.

एका गोष्टीची मात्र आधी जाणीव असावी. एसईच्या क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर ४.०८ च्या जवळ आहे. त्यामुळे गाडी जास्त चपळ होईल असे वाटते, आणि कागदावर तो फरक चार टक्क्यांचा दिसतो. पण त्याबरोबर एसईचे २०५/६० आकाराचे चौदा इंची टायर घेतले तर चाकाचा परीघही दोन टक्के वाढतो. चौथ्या, म्हणजे सरळ गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला माझे इंजिन आधी सुमारे ३५२० फेऱ्या घेत असे. अ‍ॅक्सल आणि टायर दोन्ही बदलल्यावर त्या ३६०० च्या आत राहिल्या. तेव्हा गुणोत्तरासाठी हा अ‍ॅक्सल घेऊ नये. ब्रेक, लिमिटेड स्लिप आणि चाकांचे माप, या तीन गोष्टींसाठी घ्यावा.

याहून खूप जास्त जोर हवा असेल तर येथे लोक फोर्डच्या एक्सप्लोरर जीपगाडीचा ८.८ इंची अ‍ॅक्सल वापरतात. आठ पूर्णांक आठ इंच हा त्याच्या क्राऊनचा व्यास. १९९५ पासून त्यावर डिस्क ब्रेक आले, आतले शाफ्ट ३१ खाचांचे म्हणून चांगले जाड आहेत, आणि भंगाराच्या आवारात तो सहज मिळतो. हा अ‍ॅक्सल मजबूत आहे यात शंका नाही, पण तो उचलला आणि बसवला असे होत नाही. तो आरएक्स-७ साठी रुंद आहे, आणि त्याचे पिनियन मध्यावर नाही, एका बाजूला सरकलेले आहे. म्हणून चालकाच्या बाजूची लांब नळी सुमारे तीन इंच कापून, दोन्हीकडे आखूड बाजूचेच शाफ्ट बसवायची रीत पडली आहे. येथेच सांभाळायचे असते. मधला गोळा बिडाचा आणि नळ्या पोलादाच्या. बीड आणि पोलाद एकत्र वेल्ड करणे म्हणजे काय, हे आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कोणत्याही जुन्या कारागिराला विचारावे. आधी सगळा भाग सावकाश तापवावा लागतो, निकेलची कांडी वापरावी लागते, आणि काम झाल्यावर तो झाकून हळूहळू निवू द्यावा लागतो, नाहीतर जोडाच्या कडेने केसासारखी चीर जाते आणि ती रंगाखाली दिसत नाही. नळ्या कापून जोडताना आतून आरपार सरळ दांडा घालून त्या एका रेषेत धराव्या लागतात, आणि ब्रॅकेटी वेल्ड झाल्यावर पुन्हा तपासाव्या लागतात, कारण वेल्डिंगच्या ओढीने सरळ नळीही वाकते.

आणखी एक बाब फारसे कोणी बोलत नाही. माझदाच्या अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट बाहेरच्या टोकाला, बेअरिंगपाशी धरून ठेवलेला असतो. फोर्डच्या या अ‍ॅक्सलमध्ये तो आतल्या टोकाला इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या एका कडीने अडकलेला असतो. मधेच शाफ्ट तुटला तर धरून ठेवणारी कडी आतल्या तुकड्याकडे राहते आणि चाक शाफ्टसकट बाहेर सरकू शकते. जास्त ताकदीसाठी हा अ‍ॅक्सल घेणाऱ्याने त्याच वेळी बाहेरून धरणाऱ्या बेअरिंगांचा संच बसवून घ्यावा. शिवाय हा अ‍ॅक्सल जड आहे, आणि हे सगळे वजन स्प्रिंगांच्या खाली येते. हलकी, पुढे-मागे जवळजवळ सारखा भार असलेली गाडी खाचखळग्यांवर मागून आपटू लागते. २५० अश्वशक्तीच्या आतल्या, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला याची गरज नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

कोणताही अ‍ॅक्सल घ्या, त्याचे आयुष्य क्राऊन आणि पिनियन एकमेकांना कसे भेटतात यावर ठरते. माझे शिक्षण येथल्या कारखान्यात झाले असले तरी पहिला धडा मी वडिलांच्या वर्कशॉपमध्ये घेतला. तेथे एक वयस्कर मिस्त्री होते. डिफरन्शियल जोडताना ते वाटीत शेंदूर आणि इंजिन ऑइल कालवत, बारीक कुंचल्याने क्राऊनच्या सहा-सात दातांना दोन्ही अंगांनी पातळ लेप देत, मग फडक्याने क्राऊन दाबून धरून पिनियन हाताने फिरवत. लेप जेथून पुसला गेला तेथे दाताचा चकचकीत पोलादी ठसा उमटे. तो ठसा दाताच्या मधोमध, लंबगोल आला पाहिजे. दाताच्या मुळाशी रुतला तर पिनियन क्राऊनच्या जास्त जवळ, शेंड्याकडे चढला तर लांब; बाहेरच्या टाचेकडे सरकला तर क्राऊन दूर, आतल्या टोकाकडे आला तर जवळ. मिस्त्री तो ठसा कंदिलासमोर धरून पाहत आणि कागदाएवढी पातळ एखादी शिम (अंतर जुळवणारी चकती) काढत किंवा घालत. शेंदूर शिशाचा असतो, तो हाताला लागू देऊ नये हे आता कळते. येथे त्याऐवजी पिवळा लेप ट्यूबमध्ये मिळतो. पण पाहायचे तेच आणि तसेच.

हे मी लिहितो आहे कारण माझ्या पहिल्या अ‍ॅक्सलचे काम मी कामाच्या गर्दीत एका दुकानात टाकले आणि ते चुकले. गाडी परत आली तेव्हा ताशी ७० ते ९० किलोमीटरच्या दरम्यान, विशेषतः अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून किणकिण्या सुरात आवाज येई. नव्या गिअरचा आवाज आहे, बसेल, असे मला सांगण्यात आले. गिअरचा आवाज बसत नाही, तो वाढतो. दोन हजार किलोमीटरनंतर मी गोळा बाहेर काढला. माझदाच्या अ‍ॅक्सलची ही एक मोठी सोय आहे की सगळे डिफरन्शियल पुढून बोल्ट सोडून अखंड बाहेर येते आणि टेबलावर ठेवून जुळवता येते. लेप लावून पाहिले तर ठसा टाचेच्या कडेला, नखाएवढ्या पट्टीत. दोन दातांमधला खेळ मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतका असायला हवा, तो डायल गेजवर त्याच्या कितीतरी पुढे गेलेला. बाजूच्या आट्यांच्या रिंगा फिरवून क्राऊन आत घेता आला, ठसा मध्यावर आला, पण तोवर दातांच्या टाचा झिजून चकाकत होत्या आणि संच बदलावाच लागला. नवीन क्राऊन-पिनियन बसवून घेणाऱ्याने दुकानदाराकडून या ठशाचा फोटो मागून घ्यावा. चांगला कारागीर तो न मागताच देतो.

गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्ट यांविषयी थोडक्यात. १३बी टर्बो इंजिन घेतले तर त्याच्या जोडीचा टर्बोचा गिअरबॉक्स घ्यावा, कारण १२ए चा डबा तो पिळ फार दिवस सोसणार नाही. त्यासाठी खालचा आडवा आधार बदलावा लागतो, गिअरचा दांडा वेगळ्या जागी येतो आणि शाफ्ट नव्या लांबीचा करून तोलून घ्यावा लागतो. मूळ शाफ्टचे क्रॉस (टोकांचे वाकणारे सांधे) तसेही ठोकून कायमचे बसवलेले असतात, पद्मिनीसारखे बाहेर काढून नवे घालता येत नाहीत, तेव्हा नवा शाफ्ट हा वायफळ खर्च नाही. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे आणि उलट ठेवावेत. पिनियनचे नाक दोन अंश चुकले तरी ताशी १०० च्या पुढे सगळी गाडी थरथरते आणि माणूस उगाच टायर तोलत बसतो. मागच्या क्राऊन-पिनियनला जीएल-५ दर्जाचेच तेल घालावे, कारण त्याचे पिनियन मध्याच्या खाली बसते आणि दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासतही जातात. लिमिटेड स्लिप असेल तर त्यासाठीचे मिश्रण त्यात असावे. आणि अ‍ॅक्सलवरची श्वासनळी साफ करावी. ती चोंदली की तेल सील फोडून ब्रेकवर येते, आणि लोक सीलच्या नावाने बोटे मोडतात.

अ‍ॅक्सल धरणाऱ्या चार दांड्यांबाबत एक इशारा राहतो. या गाडीचे वरचे दोन दांडे आखूड आहेत आणि खालच्या लांब दांड्यांशी त्यांची चाल जुळत नाही. मूळ रबरी बुश मऊ असल्यामुळे ती विसंगती रबर पोटात घेते. मजबुतीच्या नादात तेथे कडक प्लास्टिकचे किंवा धातूचे बुश घातले की वळणात गाडी कलल्यावर अ‍ॅक्सल अडकतो आणि मागचे टोक अचानक सुटते. माझ्या ओळखीच्या दोघांनी ओल्या रस्त्यावर याचा अनुभव घेतला आहे. खालच्या दांड्यांचे बुश कडक चालतील, वरचे रबराचेच ठेवावेत. फारच जोर असेल तर वरचे दोन्ही काढून मध्यभागी एकच दांडा देण्याची पद्धत आहे, पण तो गाडीच्या तळाला पक्का बांधण्यासाठी आतून पत्र्याला जोड द्यावा लागतो, आणि आमच्याकडे रस्त्यावरच्या मिठाने पत्रा गंजतो, तेव्हा तो आधी पाहिल्याशिवाय कोणी टोचू नये.

राहिला प्रश्न मूळपणाचा, ज्याबद्दल लेखात हळहळ व्यक्त झाली आहे. माझ्या गाडीचा मूळ अ‍ॅक्सल ड्रमसकट, तेल लावून, गॅरेजच्या मागच्या भिंतीला टांगलेला आहे. एसईचा अ‍ॅक्सल निवडण्यामागे माझे अर्धे कारण तेच होते. उद्या ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला एका शनिवारात ती १९८० सारखी करता येईल. कापलेल्या नळीला परत लांबी येत नाही.

त्या सांगलीच्या मुलाच्या गाडीचे डिफरन्शियल गेल्या शनिवारी आम्ही दोघांनी मिळून उघडले. दात उत्तम आहेत, ठसा मध्यावर आहे, फक्त पिनियनचे सील गळत होते आणि श्वासनळी गंजाने बंद होती. त्याने वेल्डिंगचा विचार सोडला आहे आणि ओहायोमध्ये एका मोडीतल्या १९८५ च्या एसईचा अ‍ॅक्सल त्याला सापडला आहे. फ्लँज मोजण्यासाठी आम्ही पुढच्या आठवड्यात तेथे जाणार आहोत. पण ज्यांनी फोन केला नाही असे वाचकही असतील. त्यांच्यासाठी, रस्त्यावर चालवायच्या गाडीचे डिफरन्शियल वेल्ड करू नये, एवढी दुरुस्ती तरी आपण पुढच्या रविवारच्या पुरवणीत, मूळ लेख जेथे आला त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक
डेट्रॉइट परिसर, मिशिगन (मूळ कोल्हापूर)